करडीला कुलूप

मी एक जुनी पत्रिका आहे, मित्रांनो. लग्नाची नव्हे आणि कुंडलीचीही नव्हे, उगाच हळदकुंकू शोधू नका. डॉक्टर लोक लहान मुलांच्या आजारांबद्दल जे शोधून काढतात ते छापणारी, तीन-तीन महिन्यांनी निघणारी, दूर उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या ओश शहरातली पत्रिका. माझं खरं नाव इतकं लांबलचक आहे की ते पुरतं म्हणेस्तोवर चहा गार होतो. कव्हर करड्या रंगाचं, म्हणून सगळे मला 'करडी' म्हणतात. मीही त्याच नावाला ओ देते.

माझा जन्म सुलेमान डोंगराच्या पायथ्याशी एका छापखान्यात झाला. शिशाची अक्षरं, शाईचा वास आणि खोकणारं मशीन. कव्हरवर गुटगुटीत बाळ हवं होतं, ते काही मिळेना, मग छापखान्याच्या फोरमननं आपल्या बहिणीच्या पोराला उघडं करून बसवलं आणि फोटो काढला. आज तो पोरगा टकला झालाय, ओश ते गुलचा टॅक्सी चालवतो आणि प्रत्येक पॅसेंजरला सांगतो की तो एकेकाळी डॉक्टरांच्या पुस्तकावर होता. कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसत नाही, पण कान तेच आहेत.

माझे कामाचे दिवस म्हणजे काय थाट होता! डोंगरातल्या खेड्यात डॉक्टर नसतो, फेल्डशर असतो. फेल्डशर म्हणजे अर्धा डॉक्टर. तो सुई टोचतो, बाळंतपण करतो आणि वेळ पडली तर मेंढीचा मोडका पायही बांधून देतो. त्या प्रत्येकाकडे मी टपालाच्या पोत्यातून जायचे, फुकट. वाटेत कधी घोड्यावर, कधी ट्रॅक्टरवर. तान्ह्या बाळांना चहा पाजू नका, रक्त कमी होतं, असं मी एकदा छापलं, तर फेल्डशरांनी ते पान फाडून भिंतीला चिकटवलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी मला शिव्या घातल्या. त्या शिव्या म्हणजे माझी पदकं. वाचून झाल्यावर सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या बांधायला माझी पानं जायची. त्याचंही मला वाईट वाटलं नाही. पुडी बांधणारासुद्धा दोन ओळी वाचतोच.

मग एक दिवस आम्ही ज्याचा तुकडा होतो तो भलामोठा देशच मोडला. टपाल बंद, पगार बंद, कागद तर औषधाला नाही. मी मेलेच होते, पण बुरुलकान एजेनं मरू दिलं नाही. एजे म्हणजे थोरली बहीण, आमच्याकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. ही बाई मुलांची डॉक्टर, वैद्यकीय संस्थेत शिकवायची आणि माझी संपादक. तिनं कुठल्याशा बंद पडलेल्या बालवाडीतून भिंतीला लावायच्या कागदाची भेंडोळी उचलली आणि त्याच्या पाठीवर मला छापलं. एका अंकात पुढे जुलाबाचा लेख आणि मागे गुलाबी फुलं. मी आयुष्यात तेवढी सुंदर पुन्हा कधी दिसले नाही.

पुढे तोही कागद संपला. तेव्हा इशेनबेक आला. हा माझी पानं लावायचा, चुका काढायचा आणि सगळ्यांची टिंगल करायचा. पोट सुटलेला, मिशा पिंजारलेल्या, जिभेला हाड नाही. त्यानं संस्थेतलं एक टाकाऊ कॉम्प्युटरचं खोकं कोपऱ्यात मांडलं, फुकटातला प्रोग्राम घातला आणि मला इंटरनेटवर चढवलं. तात्पुरतं, बघू तर खरं, असं म्हणत. पण मित्रांनो, मी पुन्हा खेड्यांत पोचले! आता घोडा नको न् पोतं नको. फेल्डशर फोनवर बोट फिरवायचा की मी हजर.

तात्पुरतं म्हणून केलेलं कायमचं करायला मात्र ठराव लागतो. एका सकाळी बुरुलकान एजेनं संपादक मंडळाला चहा आणि बोरसोक दिले, बोरसोक म्हणजे तळलेल्या कणकेच्या उशा, आणि विचारलं की हिचं पुढं काय करायचं. इशेनबेकनं बोरसोक तोंडात असतानाच सगळं समजावून सांगितलं.

"चार रस्ते आहेत, एजे. जेवणावळीसारखं समजा. पहिला रस्ता, जेवणारानं ताट विकत घ्यायचं. म्हणजे वाचणारा पैसे देईल, नाहीतर दारात कुलूप. दुसरा, दार सताड उघडं, पण स्वयंपाक करणाऱ्यानंच पैसे भरायचे. म्हणजे लेख लिहिणारानं. तिसरा, कुलूप असू दे, पण आचाऱ्यानं आपल्या घरी एक वाटी काढून ठेवायची आणि शेजाऱ्यांना वाढायची. लेखकाची स्वतःची कच्ची प्रत उघड्या संग्रहात ठेवायची, तसं."

"आणि चौथा?"

"चौथा अशार."

अशार म्हणजे तुमच्याकडची इर्जिक, मित्रांनो. एकाचं घर बांधायचं तर सारा गाव येतो, माती मळतो, विटा लावतो, मजुरी कुणी घेत नाही. लिहिणारा फुकट, वाचणारा फुकट, आणि खोकं संस्थेचं. इशेनबेक म्हणाला की चौथा रस्ता तर आपण चालतोच आहोत, फक्त वर सही करा.

मंडळानं माना डोलावल्या. पण एक तरुण डॉक्टर कुरकुरला, की वरच्या पदवीसाठी आणि बढतीसाठी मोठ्या परदेशी यादीत असलेली पत्रिका लागते, आणि करडी काही त्या यादीत नाही. अशारवर बांधलेल्या घराला त्या यादीत कोण विचारतो? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मंडळातल्या निम्म्या लोकांची पोरं नाहीतर भाचरं पदवीला टेकली होती. सही पुढच्या बैठकीवर गेली.

त्याच दिवसांत माझ्याकडे एक लेख आला. तो आतापर्यंतच्या माझ्या पोटातला सगळ्यात मोलाचा लेख. लिहिणारी गुलच्याच्या इस्पितळातली डॉक्टर, साल्किन तिचं नाव. बारकीशी, भुवया जुळलेल्या, भांडखोर. तिच्याकडे तान्ही बाळं यायची, छातीत घरघर, न्युमोनिया. औषधांवर औषधं टोचली तरी हटायचा नाही. साल्किन हट्टी. ती बाळांच्या घरी जाऊन बसली. आमच्याकडे बाळाला बेशिकमध्ये झोपवतात, म्हणजे लाकडी पाळण्यात, पट्ट्यांनी हातपाय बांधून. बाळ निवांत पडून राहतं. आणि अंगात ताकद यावी म्हणून आजी त्याच्या तोंडात मेंढीच्या जाड शेपटीची चरबी देते, चोखायला. उताणं, बांधलेलं बाळ. चरबी वितळते आणि थेंबाथेंबानं पोटात जायची ती छातीत उतरते. हा जंतूंचा न्युमोनिया नाहीच, चरबीचा आहे. औषध टोचून काय होणार? चरबी बंद करा, बाळाला पाळण्यातून उचलून मांडीवर पाजा. साल्किननं तसं करायला लावलं आणि वेळेवर आलेली बहुतेक बाळं सुधारली. तिनं आपल्या तालुक्यातल्या फेल्डशरांना बोलावून हे सांगितलं. खिंडीपलीकडच्यांना सांगायचं काम माझं होतं.

तिनं लेखाच्या वरच्या सारांशात पहिलंच वाक्य लिहिलं होतं, की झोपलेल्या बाळाला चरबी देऊ नका. बुरुलकान एजेनं ते खोडलं.

साल्किन चिडली. एजे शांतपणे म्हणाली, "पोरी, पाहुणा दारात आला की लगेच मांस वाढतेस का? आधी चहा, मग गप्पा, मांस शेवटी. सारांशात निकाल सांगणं बरं दिसत नाही."

"एजे, घाईत असलेला माणूस दारातूनच परत गेला तर?"

"आपल्याकडून कुणी दारातून परत गेलंय का कधी?"

जुन्या वळणाची सगळी पत्रिका-मंडळी असंच लिहायची, मीही. मथळा झाला 'डोंगराळ भागातील तान्ह्या मुलांच्या लांबलेल्या न्युमोनियाच्या प्रश्नाविषयी'. सारांश झाला, 'कारणांचा विचार केला आहे. शिफारसी केल्या आहेत.' वा! चहा सुद्धा नाही, नुसता रिकामा पेला. लेख पुढच्या अंकात जायचा होता, पण तेव्हा कुणाला त्याची फिकीर नव्हती. दार उघडं होतं, दोन पावलं आत गेलं की मांस होतंच.

मग पाहुणा आला.

परदेशी प्रकाशन कंपनीचा माणूस. बूट चकचकीत, हसणं त्याहून चकचकीत. म्हणाला, करडीला आम्ही घेतो, मोठ्या यादीत घालतो, तुमच्या पोरांच्या पदव्या झाल्याच समजा. बुरुलकान एजेनं मेंढी कापली. मेंढीचं डोकं त्याच्या पुढ्यात ठेवलं, तो आमच्याकडचा सगळ्यात मोठा मान. पाहुण्याच्या डोक्यावर पांढरी लोकरीच्या नमद्याची टोपी, कालपाक, चढवली आणि अंगावर भरजरी झगा घातला. बिचारा डोक्याकडे बघत होता आणि डोकं त्याच्याकडे. इशेनबेक माझ्या कोपऱ्यातल्या खोक्याशेजारी बसून पुटपुटला की दोघांत हुशार कोण ते कळायला मार्ग नाही.

चुकलाच तो. हुशार कोण ते लगेच कळलं. जेवण झालं आणि पाहुण्यानं करार काढला. जाडजूड. आता तुम्ही म्हणाल, वाचायचा की! पण ज्याच्या डोक्यावर आपण कालपाक ठेवला, त्याच्या तोंडासमोर त्याचा कागद ओळ न् ओळ वाचत बसायचं? म्हणजे तू चोर आहेस असंच सांगायचं. असली बेअदबी आमच्यात कुणी करत नाही. इशेनबेकनं हात पुढे केला, तर एजेनं डोळे वटारले. तिनं सही केली. सगळ्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून दुवा मागितली. झालं.

दुसऱ्या दिवशी इशेनबेकनं तो करार वाचला.  माझे सगळे अंक, जुने गुलाबी फुलांचेसुद्धा, आता कंपनीचे. लेखकानं पैसे भरले तर लेख उघडा, नाही भरले तर कुलूप. घरी वाटी काढून ठेवायची मुभा होती, पण वर्षभर थांबून. आणि कोपऱ्यातलं खोकं बंद करायचं.

"एजे," तो म्हणाला, "तुम्ही त्याला मेंढीचं डोकं दिलंत. त्यानं मेंढरंच नेली."

एजे त्या दिवशी चहा प्यायली नाही.

साल्किनला कळलं तेव्हा ती गुलच्याहून धडकली. पैसे भरायचे तर तिच्या कित्येक महिन्यांचा पगार गेला असता. इशेनबेकनं शोधून काढलं की परिस्थिती नसलेल्या लेखकाला कंपनी माफी देते, फक्त संपादकानं लिहून द्यायचं. साल्किन अर्ज घेऊन उभी राहिली. बुरुलकान एजे त्या अर्जाकडे बघत राहिली. ज्याला झगा पांघरला, त्याच्याच दारात जाऊन आम्ही भिकारी आहोत असं लिहून द्यायचं? तिनं लिहून दिलं नाही. म्हणाली, वर्षाचाच तर प्रश्न आहे पोरी, नंतर तुझी प्रत ठेव की उघडी. साल्किन म्हणाली की वर्षात हिवाळा असतो. आणि गेली.

मला कुलूप लागलं, मित्रांनो. यादीत मात्र नाव झळकलं. कव्हर निळं झालं, टकल्याचा बाळपणीचा फोटो गेला. संस्थेत केक कापला. मी इतकी नटले आणि इतकी मुकी झाले की काय सांगू.

आता हिवाळ्याचं ऐका. ऐकवत नसेल तर पान उलटा, मी रागावणार नाही.

खिंडीपलीकडे कोक-जार नावाचं गाव आहे. तिथला फेल्डशर साबिरकुल, केस पांढरे झालेला, गावाचा साबिरकुल बाइके. बाइके म्हणजे थोरला भाऊ. माझा जुना वाचक. पोत्यातून यायचे तेव्हापासूनचा. त्या गावात कानिशाय आजीचा नातू एल्दान आजारी पडला. दात येत होते त्याला. छातीत घरघर, ताप. साबिरकुलनं सुया दिल्या. घरघर गेली नाही. सुई बदलली. तरी नाही. ओशला नाहीतर गुलच्याला न्यायला हवं होतं, पण खिंडीत बर्फ कोसळलं होतं आणि रस्ता बंद. पोर दिवसेंदिवस वाळत चाललं. कानिशाय आजीनं विचारलं, आणखी काय करू? साबिरकुल म्हणाला, अंगात ताकद नाही म्हणून झुंजता येत नाही त्याला, शेपटीची चरबी दे, दोन्ही वेळ दे. म्हातारीनं दिली. चांगली, ताजी, स्वतःच्या तोंडातला घास काढून.

मग साबिरकुल घोड्यावर बसून टेकडीवर गेला. फोनला रेंज तिथंच मिळते. वारा असा की कालपाक हातानं धरावी लागत होती. त्यानं बर्फात उभं राहून शोधलं, तान्हं मूल, लांबलेला न्युमोनिया, डोंगराळ भाग. आणि मी आले! त्याच्या फोनच्या काचेत मीच आले, सगळ्यात वर. त्यानं मला ओळखलं, निळ्या कपड्यातसुद्धा. त्याचा चेहरा उजळला. मथळा वाचला, अगदी हाच आजार. सारांश वाचला. कारणांचा विचार केला आहे. शिफारसी केल्या आहेत. त्यानं खाली बोट सरकवलं. खाली कुलपाचं चित्र.

पैसे द्यायला तो तयार होता हो! पण त्याचं कार्ड परदेशात चालत नव्हतं. त्यानं पुन्हा आकडे घातले, पुन्हा नाही. पानावर आमच्या ऑफिसचा फोन असायचा, तो कंपनीनं काढला होता. तिथं एक नंबर होता, त्यावर बाई परक्या भाषेत बोलत राहिली, ती बाई नव्हतीच, मशीन होतं. त्यानं पानावरून विनंती पाठवली. लगेच उत्तर आलं की आपली विनंती नोंदवण्यात आली आहे. बोटं गारठेपर्यंत तो उभा होता. पुन्हा पुन्हा सारांशच वाचत होता, जणू शब्दांच्या मागे काही लपलंय. माझ्या पोटात उत्तर होतं, मित्रांनो. दोन वाक्यांचं. मी काचेच्या अलीकडून त्याच्याकडे बघत होते आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. मी धरलेली नाही, मला धरायला लावलेली.

तो खाली उतरला. एल्दानला आणखी सुया दिल्या. चरबी चालूच होती. खिंड उघडायच्या आधी एल्दान गेला. आजी बेशिकच्या पट्ट्या सोडत होती आणि पट्ट्या सुटत नव्हत्या, एवढंच मला कळलं.

रस्ता मोकळा झाल्यावर साबिरकुल ओशला आला. ऑफिसच्या दारात उभा राहिला. तो कोण, कुठला, हे विचारायच्या आधी एजेनं त्याला आत घेतलं, वरच्या जागी बसवलं आणि चहा ओतला. त्यानं पेल्याला हात लावला नाही. त्या लेखाचं नाव घेतलं, नाव पाठ झालं होतं त्याला, आणि म्हणाला, आत काय आहे ते वाचायचंय.

इशेनबेकनं करार-बिरार न बघता कपाटातून चुका तपासायला प्रिंटरवर काढलेली प्रत दिली. साबिरकुल डोळ्यांजवळ धरून वाचत होता. एका ठिकाणी थांबला. मग तिथंच पुन्हा वाचलं.

"एजे, हे वरच का नाही लिहिलं?"

 बुरुलकान एजेनं विचारलं की बाळ कुणाचं होतं, किती महिन्यांचं, आणि त्यानं सगळं सांगितलं, अगदी हळू, कुणाला दोष न देता. साल्किनच्या अर्जाचं त्याला ठाऊक नव्हतं. करारातलं कलमही ठाऊक नव्हतं. एजेला सगळं ठाऊक होतं. 

"मीच सांगितलं होतं त्या म्हातारीला," साबिरकुल म्हणाला, "दोन्ही वेळ दे म्हणून. ती अजून मला विचारते, आणखी द्यायला हवी होती का. आता तिला मी काय सांगू?"

 त्यानं प्रत नीट घडी करून टेबलावर ठेवली. इशेनबेक म्हणाला, बाइके, घेऊन जा. तो म्हणाला, मला आता पाठ झालंय, दुसऱ्या कुणाला द्या. आणि कालपाक घालून निघून गेला.

दुसऱ्या कुणाला द्यायची तर करार आडवा येतो. त्याची मुदत अजून बरीच आहे. एजेनं कंपनीला लिहिलं, या वेळी मान खाली घालून, आम्हाला परिस्थिती नाही म्हणून. उत्तर आलं की विनंती नोंदवण्यात आली आहे. साल्किन पगार साठवते आहे. इशेनबेकनं कोपऱ्यातलं खोकं झाकून ठेवलंय, पण फडकं रोज बदलतो.

मी अशी बसले आहे. कव्हर कोरं करकरीत आणि कुणाच्या हाताचा डाग नाही. पूर्वी सगळ्या डोंगरातले डाग होते माझ्यावर, तेलाचे, शाईचे, घोड्याच्या घामाचे. मित्रांनो, मी तुम्हाला उपदेश करणार नाही, माझी लायकी राहिली नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी शोधून काढाल, आणि कुणीतरी हसतमुखानं म्हणेल की आम्ही हे चांगल्या कपाटात ठेवतो. तेव्हा आधी विचारा, किल्ली कुणाकडे? विचारायला लाजू नका, कितीही बेअदबी झाली तरी. आणि जे कळलंय ते पहिल्याच ओळीत सांगून टाका. कारण वाचणारा कोण असेल, कुठं उभा असेल, त्याच्या घरी काय चालू असेल, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मला कळलं, आणि तेव्हा मला बोलता येत नव्हतं.